दुसऱ्यानं काढलेलं लोन आपण भरलं की सिबिल साफ होतं? नाही हो!

बेळगाव-खानापूरकडं आपल्या पॅनवर कुणा भामट्यानं लोन काढलं की सगळे सांगतात 'भरून टाक बाबा, सिबिल साफ होतंय', हे साफ चुकीचं आहे. आमच्या काकांच्या सिबिल रिपोर्टात (आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद असते तो) १८ हजारांचं मोबाइलचं लोन निघालं, पत्ता हुबळीचा, काका तिकडं कधी राहिलेच नाहीत! भरलं असतं तर कर्ज आपलंच म्हणून कबूल केल्यासारखं, आणि थोडे पैसे देऊन सेटल केलं तर 'सेटल्ड' शिक्का वर्षानुवर्षं चिकटतो. त्यापेक्षा सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिची कॉपी जोडून लोन देणाऱ्या बँकेकडं आणि क्रेडिट ब्युरोकडं (कर्जांच्या नोंदी ठेवणारी सिबिलसारखी कंपनी) डिस्प्यूट, म्हणजे 'ही नोंद माझी नाही' अशी हरकत टाका, फुकट असतंय (एजंटला पैसे कशाला?). ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आरबीआयचा नियमच आहे. आणि हो, ब्युरो चार आहेत, चारही रिपोर्ट बघा.