तिवानाकूचे विखुरलेले दगड

जून २०२५ मध्ये बोलिव्हियातील पालास्पाता या टेकडीवरच्या एका प्राचीन मंदिराविषयी शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्या निमित्ताने तिवानाकू हे नाव पुन्हा एकदा बातम्यांत आले. तितिकाका सरोवराच्या आग्नेयेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८५० मीटर उंचीच्या उघड्या पठारावर वसलेले हे नगर इसवी सनाच्या साधारण ५०० ते १००० या काळात भरभराटीला होते. आता तिथे गेलेल्याला दिसतात त्या पायऱ्यांचा ढिगारा वाटावा अशी आकापाना ही टेकडीवजा वास्तू, कालासासाया हे भिंतीबंद प्रांगण, जमिनीत खोल उतरलेले एक चौकोनी मंदिर, आणि थोड्या अंतरावर पुमापुंकू येथे अस्ताव्यस्त पडलेले कोरीव दगड. या दगडांची छायाचित्रे जगभर फिरतात आणि त्यांच्यासोबत परग्रहवासीयांच्या, बुडालेल्या खंडांच्या, हरवलेल्या यंत्रांच्या कथाही फिरतात. या कथा कुठून आल्या हे समजून घ्यायचे असेल तर दगड कसे घडवले गेले याच्या बरोबरीने ते जागचे कसे हलले, हेही पाहावे लागते. माझ्या मते तिवानाकूचे निम्म्याहून अधिक गूढ या हलण्यातून जन्मले आहे.

या जागेचे पहिले सविस्तर वर्णन पेद्रो सिएझा दे लिओन या स्पॅनिश बखरकाराने केले. तो १५४९ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा इंका साम्राज्य कोसळून दोन दशकेही उलटली नव्हती. हे बांधकाम इंकांच्या काळातले आहे का, असे त्याने तिथल्या लोकांना विचारले. त्या प्रश्नावर ते हसले आणि इंकांची सत्ता येण्याच्या पुष्कळ आधीपासून हे असेच आहे, असे त्यांनी सांगितले. त्याच लोकांनी, हे सारे एका रात्रीत उभे राहिल्याचे वाडवडिलांकडून ऐकले आहे, असेही सांगितले. पुढच्या चार शतकांत लेखकांनी यातले दुसरे उत्तर मिटक्या मारत पुन्हा पुन्हा सांगितले, आणि पहिले उत्तर, जे अगदी बरोबर होते, ते मात्र मागे पडले.

इंकांनी स्वतःही या जागेला आपल्या कथेत सामावून घेतले होते. पंधराव्या शतकात त्यांनी सरोवराचा परिसर जिंकला तेव्हा नगर ओसाड होऊन चारेकशे वर्षे झाली होती. विराकोचा या देवाने सूर्य आणि चंद्र तितिकाकातून निर्माण केले आणि पहिली माणसे तिवानाकू येथे दगडातून घडवली, अशी उत्पत्तिकथा त्यांच्या परंपरेत रुजली. उभे दगडी पुतळे पाहून अशी कथा सुचणे स्वाभाविकच आहे. सतराव्या शतकात बर्नाबे कोबो या धर्मगुरूने या जागेचे जुने नाव ‘ताइपिकाला’ असल्याचे नोंदवले. आयमारा या तिथल्या स्थानिक भाषेत त्याचा अर्थ ‘मधला दगड’, म्हणजे जगाच्या मध्यभागी असलेला दगड. बांधणाऱ्यांनी लिपी मागे ठेवली नाही, त्यामुळे ते आपल्या नगराला काय म्हणत असत याच्या जवळपास नेणारा हा एकच धागा आपल्या हाती आहे.

दगड हलू लागले ते स्पॅनिश राजवटीत. सोन्याच्या आशेने आकापानाच्या माथ्यावर एवढा मोठा खड्डा खणला गेला की आज तिचा आकार प्रथम नजरेला ज्वालामुखीच्या मुखासारखा भासतो. घडीव, सपाट, कोपरे धरलेले दगड आयते मिळत असताना कुणीही नव्या खाणीकडे जात नाही. गावातले चर्च याच दगडांनी बांधले गेले आणि त्याच्या आवाराच्या दारापाशी दोन प्राचीन पुतळे द्वारपालांसारखे बसवले गेले, ते आजही तिथेच आहेत. एका उभ्या पुतळ्याच्या खांद्यावर क्रूस कोरलेला आहे. मूर्तीतील सैतानाला बांधून ठेवण्याचा तो उपाय होता. १९०० च्या सुमारास ला पाझ ते ग्वाकी हा लोहमार्ग घालताना जुने दगड फोडून पुलांना आणि भरावाला वापरले गेले. माक्स ऊले हा जर्मन पुरातत्त्वज्ञ १८९४ मध्ये तिथे गेला तेव्हा सैनिक पुतळ्यांवर नेमबाजीचा सराव करत होते. त्याने सरकारदरबारी तक्रार करून तो प्रकार थांबवला.

याच ऊलेने आल्फोन्स श्ट्यूबेल या जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाच्या मोजमापांच्या आधारे १८९२ मध्ये तिवानाकूवरचा पहिला काटेकोर अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे १८९६ मध्ये पेरूतील पाचाकामाक येथे उत्खनन करताना तिवानाकूशी नाते सांगणाऱ्या शैलीच्या वस्तू इंका थराच्या खाली सापडतात, हे त्याने थरांच्या क्रमाने दाखवून दिले. सिएझाला गावकऱ्यांनी हसत सांगितलेली गोष्ट साडेतीनशे वर्षांनी मातीतून सिद्ध झाली.

इथे कथेत आर्थर पोस्नान्स्की येतो. व्हिएन्नात १८७३ मध्ये जन्मलेला हा अभियंता बोलिव्हियात स्थायिक झाला आणि तिवानाकू हे त्याचे जीवितकार्य बनले. त्याचे प्रेम खरे होते. दगडांची चोरी आणि नासधूस यांविरुद्ध तो आयुष्यभर भांडला आणि त्याने काढलेली शेकडो छायाचित्रे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. परंतु नगराचा काळ ठरवण्यासाठी त्याने जी रीत वापरली, ती मुळातच कच्ची होती. कालासासायाचे कोपऱ्यांचे दगड अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांच्या, सूर्योदयाकडे रोखलेले असले पाहिजेत, असे त्याने गृहीत धरले. आज तिथून दिसणारा अयनदिनाचा सूर्योदय त्या रेषेशी नेमका जुळत नाही. पृथ्वीच्या आसाचा कल हजारो वर्षांच्या चक्रात किंचित बदलत असतो, तेव्हा हा फरक त्या बदलामुळेच पडला असणार, असे मानून त्याने मागे गणित केले आणि इसवी सनापूर्वी सुमारे १५,००० वर्षे हे उत्तर काढले.

ज्या फरकावर हा डोलारा उभा आहे तो सुमारे एक तृतीयांश अंशाचा आहे. कालासासायाच्या सव्वाशे मीटरच्या लांबीवर एवढा कोन म्हणजे टोकाला जेमतेम दीड हाताचे अंतर. जिथले बहुतेक दगड उचलून नेले गेले, उरलेले कलले, आणि मूळ बांधणाऱ्यांनी नेमक्या कुठल्या बिंदूवरून कुठल्या कडेकडे पाहिले हे सांगणारी एकही खूण नाही, तिथे दीड हाताची चूक सहज संभवते. पण या दीड हातावर पंधरा-सतरा हजार वर्षे तोलली गेली. सेंद्रिय अवशेषांतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धत हाती आल्यावर हा काळ टिकला नाही. पुमापुंकूच्या बांधकामातील सेंद्रिय अवशेषांचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपास येतो. तरीही अतिप्राचीनतेचा आकडा पुस्तकांतून आणि पुढे पडद्यावरून फिरत राहिला, कारण तो ऐकायला भव्य वाटतो.

पुमापुंकू म्हणजे आयमारात ‘प्यूमाचे दार’. तिथल्या लाल वालुकाश्माच्या सर्वांत मोठ्या फरशीची लांबी पावणेआठ मीटर आहे आणि वजन १३० टनांच्या आसपास मानले जाते. हा वालुकाश्म सुमारे १० किलोमीटरवरच्या डोंगरातला आहे. नाजूक कोरीवकाम असलेले राखाडी दगड अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य खडकाचे आहेत आणि ते सरोवरापलीकडून, ९० किलोमीटरच्या घरातल्या अंतरावरून आले. हे दगड ग्रॅनाइटचे किंवा डायोराइटचे असल्याचे जे ठासून सांगितले जाते, ते चुकीचे आहे. एखादा ठोकळा जवळून पाहिला तर त्यावर एकात एक बसवलेल्या चौकटींची नक्षी दिसते, आतले कोपरे धारदार आहेत आणि शेजारच्या ठोकळ्यावर तीच नक्षी पुन्हा आहे. इंका पाथरवट प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या मापाने घडवत, त्यामुळे कुस्को या इंका राजधानीच्या भिंतीत दोन दगड सारखे सापडत नाहीत. तिवानाकूच्या पाथरवटांनी याउलट ठरावीक आकारांचे ठोकळे साच्याबरहुकूम पाडले. ज्याँ-पिएर प्रोत्झेन आणि स्टेला नायर या वास्तुअभ्यासकांनी हे ठोकळे एकेक करून मोजले आणि पूर्वनियोजित मापांची ही पद्धत उलगडून दाखवली.

दगडांत इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या खाचा आहेत. दोन दगडांच्या अशा खाचा एकमेकींना भिडवून त्यांत वितळलेला धातू ओतला जाई आणि तो थिजला की दोन्ही दगड जखडले जात. हा धातू तांबे, आर्सेनिक आणि निकेल यांचा मिश्रधातू होता, असे परीक्षणात आढळले. धातू जागेवरच ओतायचा म्हणजे भट्टी आणि मूस बांधकामाजवळ हवी, तीही अशा उंचीवर जिथे हवा विरळ असते आणि जळणाचे लाकूड दुर्मीळ. मला स्वतःला या एका बारकाव्यापुढे परग्रहवासीयांच्या साऱ्या कथा फिक्या वाटतात.

वाहतुकीचा प्रश्नही प्रत्यक्ष करून पाहिला गेला. तितिकाकाच्या काठचे आयमारा कारागीर तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या आवळून नावा बांधतात. २००२ मध्ये पुरातत्त्वज्ञ अलेक्सेई व्रानिच आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने अशा कारागिरांनी एक मोठी नाव बांधली आणि तिच्यावरून ९ टनांचा अँडेसाइटचा दगड सरोवर पार करून आणला. याच व्रानिचने २०१८ मध्ये पुमापुंकूच्या तुकड्यांची जुनी-नवी मोजमापे एकत्र करून त्यांच्या ४ टक्के आकाराच्या त्रिमितीय मुद्रित प्रतिकृती बनवल्या आणि त्या टेबलावर मांडून जुळवून पाहिल्या. जागेवर १०० टनांची फरशी सरकवून पाहता येत नाही, हातातला तुकडा मात्र फिरवता येतो. त्यातून दारामागे दार, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान, आरशात पाहावे तशी मालिका उभी राहिली. विखुरलेला दगड प्रतिकृतीच्या रूपाने का होईना, आपल्या जागी परतला.

सूर्यद्वार म्हणून प्रसिद्ध असलेली कमान मात्र अजून आपल्या जागी नाही. एकाच अँडेसाइट दगडातून कोरलेली ही सुमारे १० टनांची कमान आज कालासासायाच्या कोपऱ्यात आहे, पण ती मूळची तिथली नसावी असे बहुतेक अभ्यासक मानतात. मध्यभागी दोन्ही हातांत दंड धरलेली आकृती आणि तिच्याकडे धावणाऱ्या ४८ पंखधारी आकृती हे तिच्यावरचे शिल्प. हा पट म्हणजे दिनदर्शिका आहे, असे सांगत कित्येकांनी त्यातून महिने आणि ग्रहणे मोजली. दार मूळचे कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून होते हेच ठाऊक नसताना असे वाचन धाडसाचेच म्हणावे लागेल.

खुद्द डागडुजीनेही कोडी वाढवली. १९५२ च्या राष्ट्रीय क्रांतीनंतर बोलिव्हियाला आपला प्राचीन वारसा अभिमानाने उभा करायचा होता आणि पुरातत्त्वज्ञ कार्लोस पोन्से सांखिनेस यांच्या नेतृत्वाखाली कालासासायाच्या भिंती १९६० च्या दशकात पुन्हा रचल्या गेल्या. पूर्वीच्या प्रवाशांच्या चित्रांत एकेकटे उभे खांब दिसतात, आज तिथे सलग भिंत आहे आणि तिच्यात जुने किती व नवे किती हे पाहुण्याला कळत नाही. पुढे आकापानाच्या दगडी अंगावर मातीच्या विटा लिंपल्या गेल्या तेव्हाही टीका झाली. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ वेन्डेल बेनेट यांना १९३२ मध्ये सापडलेला ७.३ मीटर उंचीचा पुतळा ला पाझला नेऊन क्रीडागाराजवळच्या चौकात उभा करण्यात आला होता. वाहनांच्या धुरात अनेक दशके काढून तो २००२ मध्ये तिवानाकूला परतला आणि आता संग्रहालयाच्या छताखाली आहे.

एवढ्या थंड, उंच जागी हजारो माणसे काय खात, हा प्रश्न दगडांइतकाच मोलाचा आहे. आपल्याकडे उपासाला चालणारा बटाटा मूळचा याच अँडीजच्या उंच प्रदेशातला. तिवानाकूच्या शेतकऱ्यांनी सरोवरकाठच्या दलदलीत मातीचे उंच वाफे रचून त्यांच्यामध्ये पाण्याचे पाट ठेवले. आयमारात त्यांना सुका कोल्यू म्हणतात. पाटातले पाणी दिवसा ऊन शोषून घेते, रात्री ती ऊब सोडते आणि पिकावरचे दहिवर टळते. १९८० च्या दशकात अ‍ॅलन कोलाटा आणि ओस्वाल्दो रिवेरा या पुरातत्त्वज्ञांनी गावकऱ्यांसोबत हे वाफे पुन्हा करून पाहिले तेव्हा थंडीच्या तडाख्यात शेजारच्या शेतांपेक्षा त्यांतली रोपे चांगली तगली. ही शेती राज्यसत्ता चालवत होती की गावेच आपापली चालवत, यावर मात्र कोलाटा आणि दुसरे पुरातत्त्वज्ञ क्लार्क एरिक्सन यांच्यात वाद झडला. नगर ओस का पडले याचेही एकच उत्तर नाही. पेरूतील केल्काया या हिमाच्छादित पठाराच्या बर्फाच्या थरांतून दीर्घ अवर्षणाची चिन्हे मिळतात, तर पेरूतील मोकेग्वा खोऱ्यात तिवानाकूच्या वसाहतीतील मंदिर ठरवून उद्ध्वस्त केल्याचे दिसते. म्हणजे दुष्काळाच्या जोडीला आतला असंतोषही होता, असे मानायला जागा आहे.

ताज्या शोधांमुळे आता नजर नगराच्या बाहेर वळली आहे. तितिकाका सरोवरातील सूर्याच्या बेटाजवळच्या खोआ या खडकाळ उथळ जागी पाण्यात बुडी मारणाऱ्या संशोधकांना धुपाटणी, सोन्याचे दागिने आणि प्रशांत महासागराच्या उष्ण किनाऱ्यावरून आणलेले शिंपले मिळाले, त्याचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पालास्पाता तर तिवानाकूपासून आग्नेयेस २०० किलोमीटरहून अधिक दूर आहे. उपग्रहाच्या आणि ड्रोनच्या छायाचित्रांवरून तिथे १२५ मीटर लांब आणि १४५ मीटर रुंद अशा मंदिराचा आराखडा स्पष्ट झाला, ज्यात मधल्या चौकाभोवती १५ चौकोनी दालने आहेत. सरोवराचा प्रदेश, कोरडे पठार आणि मका पिकवणारी कोचाबाम्बाची खोरी यांना जोडणाऱ्या वाटेवर ही टेकडी आहे. जमिनीवर सापडलेल्या तुकड्यांत केरू या प्याल्यांचे तुकडे पुष्कळ आहेत. या प्याल्यांतून मका आंबवून केलेले चिचा हे पेय प्यायले जाई, आणि मका त्या उंचीवर पिकत नाही, तो खालच्या खोऱ्यांतून याच वाटेने वर येत असे.