फॉर्म भरला, पण मेल आलाच नाही?

“तुमच्या साइटवर फॉर्म भरला होता, उत्तर कुठे दिलंत?” गिऱ्हाइकाने असं सुनावलं, की साइट बनवणाऱ्या आमचा फोन वाजतो. फॉर्मवरून तुम्हाला येणारा मेल बहुधा स्पॅममध्ये पडलेला असतो, नाहीतर वाटेत अडवलेला.

‘पाठवा’ दाबलं की भरलेला मजकूर आधी आपल्या सर्व्हरवर येतो. तिथला पीएचपी या भाषेतला कोड त्याचा मेल तयार करून पुढे धाडतो. जुन्या साइटवर हे काम पीएचपीच्या ‘मेल’ नावाच्या फंक्शनकडे असतं. ते ‘झालं’ म्हणतं, पण त्याचा अर्थ इतकाच, की सर्व्हरने मेल ठेवून घेतला. पुढे पोचला की नाही, याचा त्याला पत्ता नसतो. ‘धन्यवाद’ची हिरवी पट्टी मात्र तेवढ्यावरच झळकते.

खरी गोची ‘प्रेषक’ या रकान्यात आहे. तिथे गिऱ्हाइकाचाच जीमेल पत्ता टाकायची पद्धत होती, आम्हीही टाकलाय. पण मग आपला सर्व्हर जीमेलच्या नावाने मेल पाठवतो, म्हणजे तोतयाच ठरतो. याहूने 2014 मध्येच आपल्या नावाचे असे मेल नाकारायला लावले. जीमेलने फेब्रुवारी 2024 पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचं केलं. एसपीएफ आणि डीकेआयएम म्हणजे तुमच्या डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, डीएनएस या जाहीर नोंदवहीतल्या नोंदी. मेल खरंच तुमच्याकडून आलाय का, हे त्यावरून पडताळतात. एसपीएफची नोंद एकच हवी, दोन झाल्या की पडताळणीच फसते.

म्हणून आम्ही प्रेषक म्हणून तुमच्या डोमेनचा पत्ता ठेवतो आणि गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. तुम्ही नेहमीसारखं ‘रिप्लाय’ दाबा, उत्तर बरोबर त्यालाच जाईल. मेल जातो पीएचपीमेलर या मेल पाठवणाऱ्या तयार कोडमधून, तुमच्याच मेलबॉक्सचा पासवर्ड देऊन, 587 पोर्टवरून, म्हणजे मेल धाडायच्या ठरलेल्या दारातून. तेव्हा पासवर्ड बदललात तर कृपया लगेच कळवा, नाहीतर फॉर्म त्या क्षणापासून मुका. मेलबॉक्स जीमेलचा असेल तर वेगळा ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त या कामापुरता गूगलकडून घेतलेला पासवर्ड, लागतो, आणि गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की तोही रद्द होतो.

पत्त्याच्या रकान्यात नवी ओळ घुसवून तुमच्या फॉर्ममधून भलत्यांनाच मेल पाठवणारे महाभागही असतात. ती वाट कोडमध्ये बंद केलेली आहे. शिवाय प्रत्येक चौकशीची एक प्रत डेटाबेसमध्ये राहते, त्यामुळे मेल हरवला तरी गिऱ्हाईक हरवत नाही.

महिन्यातून एकदा स्वतःच फॉर्म भरून बघा. दहा मिनिटांत मेल दिसला नाही तर आधी स्पॅम पाहा, मग फॉर्म भरल्याची वेळ आम्हाला सांगा. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदींत, त्या वेळेवरूनच शोधता येतं.