मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन कूपे घेताय? आधी हे वाचा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मिशिगनमधल्या आमच्या छोट्या गॅरेजमध्ये जुन्या अमेरिकन गाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती होते. अलीकडे कॅडिलॅक एल्डोराडो, लिंकन मार्क फोर, ब्यूक रिव्हिएरा, ओल्ड्समोबिल टोरोनाडो अशा कूपे, म्हणजे दोन दारांच्या गाड्यांची चौकशी करणारी मराठी मंडळी वाढली आहेत. बरीचशी डेट्रॉइटच्या आसपासच लहानाची मोठी झालेली. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आईवडील इकडे आले, वडील मोटारींच्या एखाद्या कंपनीत लागले, घरात काटकसरीची चार दारांची गाडी आली. ती लांबलचक दोन दारांची गाडी असायची शेजाऱ्याकडे. आता चार पैसे हाताशी आहेत, मुलं मार्गी लागली आहेत, तेव्हा ती हौस पुरी करायची आहे.

हौस अगदी रास्त आहे, आणि ती पुरी करायला आम्हाला मनापासून आवडतं. मात्र ही गाडी कशासाठी बनवली होती हे ध्यानात न घेता घेतली, तर हिरमोड होतो. म्हणून हे चार कागद.

ही गाडी वेगासाठी नाही

पहिला प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "आठ लिटरचं इंजिन म्हणजे नुसती उडत असेल ना?" नाही. मोठं इंजिन इथे वेगासाठी बसवलेलंच नाही. ते बसवलं आहे गाडीला कष्ट पडू नयेत म्हणून.

१९७६ च्या एल्डोराडोचं उदाहरण घ्या. इंजिन ५०० घनइंचांचं, म्हणजे ८.२ लिटर. ताकद १९० अश्वशक्ती, जी आजच्या साध्या फॅमिली गाडीतही मिळते. पण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, आहे ३६० पाउंड-फूट, आणि तो पुरता मिळतो मिनिटाला फक्त २,००० फेऱ्यांवर. सिग्नल सुटल्यावर पायाचा नुसता भार अ‍ॅक्सिलरेटरवर पडला की सव्वादोन टनांच्या घरातली गाडी निघते. इंजिन ओरडत नाही, गिअर बदललेला जाणवत नाही. हायवेला लागलं की बॉनेटखाली काही चाललंय याचा पत्ताही लागत नाही. आजच्या गाडीत तेवढीच अश्वशक्ती काढायला इंजिनाला जोरात पळावं लागतं. इथे ते पळत नाही, आणि तीच या गाडीची खरी श्रीमंती. एकदा अर्धा तास चालवून पाहिलीत की आमचं म्हणणं पटेल.

दुसरी गंमत म्हणजे जागेची उधळपट्टी. साडेपाच मीटरच्या वर लांबी आणि दारं फक्त दोन. बॉनेट इतकं लांब, की पुढचं टोक वेगळ्याच गावात असल्यासारखं वाटतं. चार दारांची सोय मुद्दाम सोडून देऊन चालवणाऱ्याची आणि शेजारी बसणाऱ्याची बडदास्त ठेवायची, हाच 'पर्सनल लक्झरी' या प्रकारामागचा विचार. १९५८ मध्ये फोर्डने थंडरबर्डला मागची सीट दिली तेव्हा त्याची सुरुवात झाली. १९६३ च्या रिव्हिएराने त्याला देखणेपण दिलं. पुढे १९६९ मध्ये पॉन्टिअ‍ॅकचे प्रमुख जॉन डीलोरियन यांनी मध्यम आकाराच्या सांगाड्यावर लांब नाकाची ग्राँ प्री काढली, पाठोपाठ १९७० मध्ये शेव्हरोलेची माँटे कार्लो आली, आणि ही चैन पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. १९७७ या एका मॉडेल वर्षात माँटे कार्लो चार लाखांहून जास्त बनल्या. दुर्मीळ वगैरे सांगून कुणी तिचा भाव चढवत असेल, तर हा आकडा लक्षात असू द्या.

आकडे वाचताना फसू नका

जाहिरातीत विक्रेता '४०० अश्वशक्ती' असं लिहितो. १९७० च्या एल्डोराडोपुरतं ते खरं आहे, पण ते जुन्या मोजमापाने. तेव्हा इंजिन टेबलावर मोकळं ठेवून, पूर्ण सायलेन्सर आणि इतर जोडकाम न लावता मोजत. १९७२ पासून सगळं जोडलेल्या अवस्थेतला आकडा छापायला लागले आणि त्याच इंजिनाचा आकडा २३५ वर आला. सगळीच घट कागदावरची नव्हती. शिसेरहित पेट्रोल चालावं म्हणून कॅडिलॅकची मूळ कंपनी जनरल मोटर्सने १९७१ पासून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवा दाबण्याचं प्रमाण, उतरवलं होतं. पुढे धुराचे नियम कडक होत गेले, १९७५ पासून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, आणि ताकद उतरत उतरत १९० पर्यंत आली.

आमचं स्पष्ट मत असं की म्हणून १९७० च्याच मागे धावू नका. नंतरच्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला साधं पेट्रोल चालतं, ते शांत चालतं आणि या गाडीच्या स्वभावाला जास्त शोभतं.

मायलेज लिटरला चार-पाच किलोमीटर धरा. ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, तरी या गाड्या विकल्या जातच राहिल्या. ५५ च्या वेगावर शांतपणे बसून जायचं तर याहून चांगली जागा कोणती होती? १९७८ पासून कंपन्यांना सरासरी मायलेजचं बंधन आलं, तेव्हा मात्र या आकाराचे दिवस भरले.

कोणती निवडावी

आमच्या मते पहिल्यांदा घेणाऱ्याने लिंकन मार्क फोर (१९७२ ते ७६) पाहावी. तिच्या आधीच्या मार्क थ्रीच्या वेळी लिंकनची मूळ कंपनी फोर्डचे अधिकारी ली आयकोका यांनी डिझायनरांना सांगितलं होतं, की थंडरबर्डवर रोल्स-रॉइससारखी जाळी बसवा. मार्क फोर त्याच वाटेने पुढे गेली. ४६० घनइंचांचं इंजिन, मागच्या खांबात लंबगोल खिडकी, डॅशबोर्डवर कार्टिएचं घड्याळ. १९७६ मध्ये कार्टिए, बिल ब्लास, जिव्हाँशी आणि पुची या फॅशन-दागिन्यांतल्या चार नावांच्या खास रंगसंगती आल्या. यांत्रिक रचना साधी, सुटे भाग मिळतात, आणि इथल्या विक्सममध्ये बनलेली गाडी इथेच चालवण्यात आमच्यासारख्यांना वेगळा आनंद आहे.

मार्क फाइव्ह (१९७७ ते ७९) दिसायला जास्त रेखीव. पण तिची लांबी २३० इंच. वीस फुटी गॅरेजमध्ये जेमतेम दहा इंच उरतात, त्यात भिंतीला लावलेलं एखादं कपाट असेल तर शटर लागणार नाही. आधी टेप घेऊन मोजा.

एल्डोराडो आणि टोरोनाडो या दोघींचा पुढच्या चाकांना जोर आहे. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्याच्या मागून एक रुंद साखळी फिरून शेजारी बसवलेल्या गिअरबॉक्सला शक्ती देते. त्यामुळे पायाखाली मधला उंचवटा नाही, जमीन सपाट. १९६६ ची टोरोनाडो ही १९३७ च्या कॉर्डनंतरची पुढच्या चाकांवर चालणारी पहिली अमेरिकन गाडी. ही रचना दणकट आहे. फक्त हात घालणारा माणूस जाणता हवा. १९७५-७६ च्या काही एल्डोराडोंवर कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन आहे. त्याचे भाग मिळवणं जिकिरीचं होतं, तेव्हा आम्ही कार्बोरेटरवालीच सुचवतो.

१९७१ ते ७३ ची होडीच्या शेपटासारख्या मागच्या काचेची रिव्हिएरा ही या सगळ्यांत देखणी, याबद्दल आमच्या गॅरेजात दुमत नाही. पण ती मागची काच फुटली तर शोधत फिरावं लागतं.

खिसा सांभाळून घ्यायची असेल तर क्रायस्लर कॉर्डोबा, ग्राँ प्री किंवा ओल्ड्समोबिल कटलस सुप्रीम. १९७६ मध्ये अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली गाडी कटलस होती, सुट्या भागांची ददात नाही.

आधी पत्रा, मग इंजिन

हे पत्रक फेकून द्यायचं असेल तरी एवढा भाग ठेवा. इंजिन खराब असेल तर ते उतरवून नवं करता येतं, त्याचे भाग आजही बनतात. कुजलेला पत्रा, गहाळ क्रोम पट्टी, फाटलेलं मूळ मखमली कापड यांचं तसं नाही. इंजिन दमलेलं पण अंग धड असलेली गाडी आम्ही आनंदाने हातात घेतो. चकाचक इंजिन आणि पोकळ अंग असलेली गाडी घेऊ नका, असंच सांगतो.

यातली सर्वांत फसवी जागा म्हणजे छपरावरचं व्हिनाइलचं (रेक्झिनसारखं) आच्छादन. त्याखाली पाणी शिरलं की बाहेर पडत नाही, आणि पत्रा आतून वर्षानुवर्षं खात जातो. मागच्या काचेच्या खालच्या कडेने अंगठा दाबत जा. कुठे फुगवटा लागला, किंवा दाबल्यावर पापड मोडल्यासारखी करकर आली, तर तिथे पत्रा उरलेला नाही. मग डिकी उघडा, गालिचा उचला आणि स्पेअर चाकाच्या खोलगटात हात फिरवा. वरून गळतं का, ते तिथे कळतं.

दार पूर्ण उघडून कडेला धरा आणि हलकेच वर उचला. ही दारं चार फुटांच्या आसपास लांब आणि भलतीच जड. बिजागरीच्या पिना झिजल्या असतील तर दार हाताला वरखाली होतं. ती दुरुस्ती मोठी नाही, पण त्यावरून आधीच्या मालकाने गाडी कशी राखली याचा अंदाज येतो.

मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ पडतं, त्यामुळे इथेच आयुष्य काढलेल्या गाडीची मागची चौकट (चेसिस) खालून नक्की पाहावी. ॲरिझोना किंवा दक्षिण कॅलिफोर्नियातून आलेल्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने तडकलेला असतो. तरी आम्ही तडकलेला डॅशबोर्ड पत्करू, सडलेली चौकट नाही. कॅडिलॅकच्या बंपर आणि बॉडीमधले लवचिक प्लॅस्टिकचे तुकडे बहुतेक गाड्यांत भुगा झालेले असतात. नवे मिळतात, तेवढ्यासाठी गाडी नाकारू नका. भाव मात्र कमी करून मागा.

इंजिनात एकच गोष्ट आवर्जून पाहायला सांगतो. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळी कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) साखळीने फिरवणाऱ्या दातेरी चाकाला नायलॉनचे दात असत. ते आता पन्नाशीला आले आहेत. तुटले की तुकडे ऑइलच्या भांड्यात पडतात, ऑइल ओढणारी जाळी तुंबते आणि इंजिन बसतं. आम्ही डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढून क्रँकशाफ्ट पान्याने किंचित मागेपुढे फिरवतो. आतला रोटर लगेच हलला नाही तर ती साखळी सैल आहे. दात मूळचेच असतील, तर गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच.

लिंकनमध्ये हेडलाइटची झाकणं व्हॅक्यूमवर चालतात, आणि एसीच्या हवेच्या दिशा बदलणाऱ्या झडपाही. झाकणं मागेपुढे किंवा रडतखडत उघडली, तर कुठेतरी रबरी नळी चिरली आहे. खिडकीच्या काचेची मोटर गुणगुणते पण काच हलत नाही, ही फोर्ड-लिंकनची नेहमीची तक्रार. मोटरच्या गिअरमध्ये प्लॅस्टिकच्या तीन छोट्या गोळ्या असतात, त्यांची पूड होते. मोटर बदला म्हणणाऱ्याला थांबवा, गोळ्या बदलल्या की भागतं.

नंबर वाचून घ्या

पुढच्या काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला गाडीचा क्रमांक असतो. १९७२ ते १९८० च्या जनरल मोटर्सच्या आणि फोर्डच्याही गाड्यांत त्यातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. '२ वाय ८९ ए' असं सुरू होत असेल तर १९७२ साल, विक्समचा कारखाना, मार्क फोर, ४६० चं इंजिन. '६ एल ६७ एस ६ क्यू' म्हणजे १९७६ ची डेट्रॉइटमध्ये बनलेली एल्डोराडो कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी), इंजिन ५०० चं. या शेवटच्या मॉडेलबद्दल एक सूचना. अमेरिकेतली ही शेवटची कन्व्हर्टिबल अशी तेव्हा हवा झाली, लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन झाकून ठेवल्या. त्या साली तशा १४,००० बनल्या. त्यातल्या अखेरच्या २०० पांढऱ्या गाड्या सोडल्या, तर दुर्मीळपणासाठी जादा पैसे मोजू नका.

घरी आणल्यावर

ब्रेक आणि स्टेअरिंग या दोन्हींची सवय करून घ्यावी लागते. स्टेअरिंग एका बोटाने फिरतं, पण चाक रस्त्यावर काय करतंय ते हाताला कळत नाही. वळणावर गाडी कलते. पुढच्या गाडीपासून आजच्यापेक्षा दुप्पट अंतर ठेवा.

आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, त्या आम्ही सगळ्याच बदलतो. इंजिन ऑइल जस्त जास्त असलेलं घ्या, नाहीतर कॅमशाफ्ट झिजतो. एसीचा मूळचा आर-१२ गॅस अमेरिकेत १९९५ नंतर बनत नाही. सिस्टीम नव्या गॅसवर आणून देतो, गारवा थोडा कमी पडतो.

मिशिगनमध्ये जुन्या गाडीसाठी हिस्टॉरिक नंबरप्लेट मिळते. त्यावर संमेलनं, प्रदर्शनं, मिरवणुका यांना जाता येतं आणि ऑगस्टभर कुठेही फिरवता येते. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची गाड्यांची मोठी जत्राही ऑगस्टमध्येच असते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर साधी नंबरप्लेट घ्या. विमा मात्र आधी ठरलेल्या किमतीचा घ्यावा, नाहीतर अपघातानंतर कंपनी जुनी गाडी म्हणून किरकोळ रक्कम हातावर ठेवते.

तपासणी हवी असेल तर

बयाणा देण्याआधी आम्हाला गाडीचा क्रमांक आणि पाच फोटो पाठवा: मागच्या काचेची खालची कड, डिकीचा तळ, उघडलेलं दार, मागच्या चाकांजवळची चौकट खालून, आणि डॅशबोर्ड. एवढ्यावरून जाण्यात अर्थ आहे की नाही ते आम्ही सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. प्रत्यक्ष पाहायला यायचं ठरलं तर फी आधी सांगू आणि तुम्हालाही बरोबर घेऊन जाऊ. मालकाला एवढंच सांगून ठेवा, की त्या दिवशी सकाळपासून इंजिन चालू करायचं नाही. पहिला धूर आणि पहिला आवाज आम्हाला थंड इंजिनाचा हवा असतो.