इमारत केंद्राची, वीजबिल कोणाचे? प्रादेशिक अभियांत्रिकी संस्थांच्या आराखड्यांची पार्श्वभूमी

अभियांत्रिकी विद्यापीठाकडे आज ‘स्ट्रॅटेजिक प्लॅन’ मागितला की एक ठरावीक बाड पुढे येते. सुरुवातीला ध्येय आणि उद्दिष्टे, मग पाच वर्षांचे तक्ते आणि शेवटी हव्या असलेल्या इमारतींची यादी. नॅकच्या, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, सहाव्या निकषातला ६.२ हा भाग धोरणाची आखणी आणि अंमलबजावणी यांवरच आहे, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी हे बाड नॅकच्या भेटीच्या तोंडावर तयार होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक संस्थेकडून विकास आराखडा मागितला आणि २०२४ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, त्याची मार्गदर्शक तत्त्वेही दिली. मागणी नवी असली तरी अभियांत्रिकी संस्थांची आवारे गेली सहा-सात दशके आखली जातच आहेत. बांधायचा पैसा कोणाचा आणि चालवायचा कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे जेव्हा जेव्हा बदलली, तेव्हा आखणीही बदलली.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत धरणे, पोलाद कारखाने आणि वीजकेंद्रे यांसाठी अभियंते कमी पडणार हे दिसू लागले होते. त्यातून प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांची, म्हणजे ‘आरईसी’ची योजना आली. वरंगळच्या महाविद्यालयाची पायाभरणी पंडित नेहरूंच्या हस्ते ऑक्टोबर १९५९ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी नागपूरचे महाविद्यालय सुरू झाले; पुढे त्याला थोर अभियंते विश्वेश्वरय्या यांचे नाव मिळाले आणि ते ‘व्हीआरसीई’ झाले. पुढे अशा महाविद्यालयांची संख्या १७ वर गेली. निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या आणि निम्म्या बाहेरच्या, त्यामुळे मोठी वसतिगृहे हा आवाराचा पहिल्या दिवसापासूनचा भाग होता. नागपूरला २१४ एकरांचे आवार आहे. आज ते शहराच्या पोटात गेले आहे आणि कुंपणाला लागून नवी जमीन मिळण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

खर्चाची वाटणी अशी होती: इमारती आणि यंत्रसामग्री यांचा एकदाच होणारा खर्च केंद्राचा, पदव्युत्तर अभ्यासक्रमांचाही केंद्राचा, पदवी अभ्यासक्रमांचा वर्षानुवर्षांचा खर्च मात्र केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा. कागदावर ही वाटणी न्याय्य दिसते. व्यवहारात संस्थेने नवी प्रयोगशाळा मागितली की तिचा एक हात दिल्लीकडे आणि दुसरा मुंबईकडे पसरलेला. दिल्लीहून यंत्रे येत, पण ती चालवणाऱ्या तंत्रसहायकाच्या पदाला राज्याची संमती लागे. त्यातच ‘योजना’ आणि ‘योजनेतर’ खर्चाचा भेद होता. योजनेत सुरू झालेल्या गोष्टींचे पगार आणि देखभाल योजना संपली की योजनेतर खात्यात जायची, आणि तिथे वाढ मिळवणे फार अवघड. शहाण्या प्राचार्याने अशा स्थितीत इमारतच मागावी, कारण ती मिळण्याजोगी होती. कित्येक जुन्या आवारांत वर्कशॉपच्या शेड ऐसपैस आणि आत काम करणारी माणसे मोजकी असतात, त्यामागे हे गणित आहे.

दुसरी अडचण पदवीची होती. विद्यार्थ्याला मिळणारी पदवी स्थानिक विद्यापीठाची, व्हीआरसीईच्या बाबतीत नागपूर विद्यापीठाची. अभ्यासक्रम, परीक्षेचे वेळापत्रक आणि निकाल विद्यापीठाच्या हातात असताना महाविद्यालयाने फार दूरचे ठरवून उपयोग नव्हता. या महाविद्यालयांचा आढावा घेण्यासाठी नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर २००२ मध्ये ही महाविद्यालये केंद्राने पूर्णपणे आपल्याकडे घेतली आणि ती अभिमत विद्यापीठाच्या दर्जाची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे ‘एनआयटी’ झाली. व्हीआरसीईचे ‘व्हीएनआयटी’ झाले. १५ ऑगस्ट २००७ पासून एनआयटी कायदा लागू झाला. निम्म्या जागा गृहराज्याला हा नियम मात्र टिकला.

लेखी आराखड्याची सवय लागली ती २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘टेक्विप’मुळे, म्हणजे जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या तंत्रशिक्षण गुणवत्ता कार्यक्रमामुळे. पैसे मिळण्याआधी संस्थेला स्वतःचा विकास प्रस्ताव लिहावा लागे: बलस्थाने, उणिवा, खरेदीचे वेळापत्रक, मोजता येतील अशी उद्दिष्टे. भर उपकरणे, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि जुन्या जागांची डागडुजी यांवर होता. त्यातली सर्वांत शहाणपणाची अट चार निधींची होती: एक कायम ठेव, एक कर्मचारी विकासाचा, एक जुनी उपकरणे बदलण्याचा आणि एक देखभालीचा. प्रकल्प संपल्यावर यंत्रे धूळ खात पडू नयेत म्हणून ही तरतूद होती. अनेकांनी चारही खाती उघडली, पण त्यांत दरवर्षी रक्कम टाकायची शिस्त थोड्यांनीच पाळली.

आवारांवर खरा ताण आला तो जागा वाढल्यावर. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गासाठी २७ टक्के आरक्षण २००८-०९ पासून लागू झाले. खुल्या जागांची संख्या घटू नये म्हणून एकूण प्रवेशक्षमता सुमारे ५४ टक्क्यांनी वाढवायची होती आणि ती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवायची मुभा होती. गणितासाठी ६०० प्रवेशांची पूर्ण निवासी संस्था धरू. दरवर्षी १०८ जागा वाढल्या तर तिसऱ्या वर्षी प्रवेश ९२४ वर जातात. पण प्रत्येक तुकडी चार वर्षे राहते, त्यामुळे खाटांची गरज प्रवेशांच्या मागून येते: पहिल्या वर्षी १०८ जास्त, दुसऱ्या वर्षी ३२४, तिसऱ्या वर्षी ६४८, चौथ्या वर्षी ९७२, पाचव्या वर्षी १,१८८ आणि सहाव्या वर्षी १,२९६. पहिल्या वर्षीची वाढ दोघांच्या खोलीत तिसरी खाट टाकून निभावते, त्यामुळे कोणी घाई करत नाही. वसतिगृह मात्र बिल्डिंग अँड वर्क्स कमिटी, फायनान्स कमिटी, नियामक मंडळ, सीपीडब्ल्यूडीचे (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे) अंदाजपत्रक, निविदा आणि बांधकाम अशा वाटेने येते. त्यात तीन वर्षे सहज जातात. पहिल्या वर्षी प्रस्ताव टाकला नसेल तर तिसऱ्या वर्षाच्या जुलैत ६४८ मुले गाद्या घेऊन दारात उभी असतात. त्यावेळी घाईने केलेल्या बांधकामात सर्वांत आधी कात्री लागते ती मेसच्या स्वयंपाकघराला आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेला.

पाण्याचा हिशेबही तिथेच चुकतो. माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले तर १,२९६ मुलांना रोज सुमारे पावणेदोन लाख लिटर पाणी जास्त लागते, आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार लिटर, सांडपाणी म्हणून परत येते. साठच्या दशकातल्या मलवाहिन्या त्यासाठी घातलेल्याच नव्हत्या. वर्गांचेही तसेच. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या परिषदेच्या, निकषांतली ६६ चौरस मीटरची वर्गखोली ६० जणांसाठी ठीक आहे. तुकडी ९२ ची झाली की साधारण १०० चौरस मीटर लागतात. दोन खोल्यांमधली भिंत पाडून ते साधते. प्रयोगशाळेत तशी सोय नाही. वीस-वीसच्या तीन बॅचेस असतात तिथे पाच होतात, म्हणजे आठवड्यात तीन दुपारी चालणारी प्रयोगशाळा पाचही दुपारी अडकते आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला यंत्र रात्री मिळते. हे खोल्यांच्या यादीत दिसत नाही, वेळापत्रकात दिसते. म्हणून आराखडा करणाऱ्याने आधी वेळापत्रक मागावे, नकाशा नंतर. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून आणखी सुमारे २५ टक्के जागा वाढल्या तेव्हा हीच फेरी पुन्हा झाली.

दरम्यान पैशाची वाट बदलली होती. योजना-योजनेतर भेद २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून गेला आणि संस्थांच्या तोंडी ओएच-३१, ओएच-३५, ओएच-३६ ही खर्चाची लेखाशीर्षे रुळली: सर्वसाधारण खर्च, भांडवली मालमत्ता आणि पगार. २०१७ मध्येच केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांच्या भागीदारीतून ‘हेफा’ ही उच्च शिक्षणसंस्थांना कर्ज देणारी संस्था आली आणि इमारतींसाठी अनुदानाऐवजी दहा वर्षांचे कर्ज मिळू लागले. दहा वर्षांहून जुन्या तंत्रशिक्षण संस्थांना मुद्दल स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचे, व्याजाचा भार सरकारचा. ‘स्वतःचे उत्पन्न’ म्हणजे मुख्यतः फी, सल्लासेवा आणि संशोधन प्रकल्पांतून मिळणारा वाटा. साठ वर्षांत पहिल्यांदाच नवी इमारत मागताना तिचा हप्ता कुठून येणार हेही त्याच कागदावर मांडावे लागले. जुनी पद्धत पाहिलेल्यांना ही चांगली शिस्त वाटते. फीवर त्याचा दाब येतो हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राने स्वतःची वाट वेगळी धरली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गालगत लोणेरे इथे १९८९ च्या कायद्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे राहिले. ते एकाच आवारातले निवासी विद्यापीठ होते. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला तेव्हा अजून नऊ वर्षे होती. महामार्गावरच्या गावात शिक्षक टिकवायचा तर राहायची घरे, मुलांची शाळा आणि दवाखाना यांचा विचार वर्गखोल्यांच्या बरोबरीने करावा लागतो. त्यात कोकणचा पाऊस: वर्षातले चार महिने उघड्यावरचे बांधकाम जवळपास बंद, म्हणून कार्यादेश वेळेत निघाला नाही तर पायाचे काम पुढच्या मोसमावर जाऊ शकते.

मग २०१४ चा नवा कायदा आला आणि २०१६ मध्ये लागू झाला. लोणेरे राज्यभरातल्या महाविद्यालयांना संलग्नता देणारे विद्यापीठ झाले. आता नियोजनाचे एककच बदलले. खाटा आणि प्रयोगशाळांच्या जोडीला प्रश्नपत्रिका, मूल्यमापन केंद्रे, परीक्षकांची यादी आणि निकालाची तारीख यांचे वेळापत्रक मुख्य झाले. परीक्षा आणि संलग्नतेचे शुल्क येते, पण ते महाविद्यालयांच्या संख्येवर अवलंबून असते, आणि ती संख्या दरवर्षी हलू शकते. अशा उत्पन्नावर वसतिगृहाचे दहा वर्षांचे हप्ते बांधणे धोक्याचे. पुण्याच्या सीओईपीला, म्हणजे तिथल्या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, २०२२ मध्ये राज्याने विद्यापीठाचा दर्जा दिला तो मात्र संलग्न महाविद्यालयांविना, एका संस्थेपुरता, म्हणजे जवळपास १९८९ च्या लोणेरेसारखाच.