फॉस्टरला आणलेली रानटी मांजर माणसाळवताना (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी. दुकानात लिटर (मांजराच्या शी-शूसाठीची वाळू) न्यायला येणारे बरेच फॉस्टरवाले, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत मांजर सांभाळणारे, एकच गोष्ट विचारतात, मांजर आणून आठवडा झाला तरी कपाटामागून बाहेर येत नाही, जवळ गेलं की फिसकारते, काय करू? काउंटरवर गर्दीत नीट सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सगळ्यात महत्त्वाचं आधी: तुम्ही तिच्याकडे जायचं नाही, तिला तुमच्याकडे यावंसं वाटलं पाहिजे, आणि आली की तिला परत जायला वाट मोकळी पाहिजे. बाकी जे काही खाली लिहिलंय ते सगळं यासाठीच.

आधी बघा मांजर कुठली आहे

घरात वाढलेली आणि कोणीतरी सोडून दिलेली मांजर पण पहिले काही दिवस लपते, पण तिला माणूस माहीत असतो, थोडं स्थिरावली की शेपटी वर करून स्वतःच येते. मच्छी मार्केटमागे किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये जन्मलेली, माणसाचा हात कधी अंगाला न लागलेली मांजर वेगळी. पिल्लाच्या वयाचे साधारण 2 ते 7 आठवडे म्हणजे माणूस "आपला" वाटायला लागायचा काळ, त्यात हात लागला तर पिल्लू काही दिवसात मांडीवर येतं. तीन-चार महिन्यांचं असेल तर आठवडे लागतात, आणि पूर्ण मोठी रानटी भाटी किंवा बोका असेल तर कित्येक महिने, काही तर कधीच नाही. हे घरच्यांना पण आधीच सांगून ठेवा, नाहीतर पंधराव्या दिवशी घरात वाद होतात आणि मांजर परत पाठवली जाते, तिचा बिचारीचा काय दोष.

जागा छोटीच बरी

आपल्याकडे वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणणार, पण खरं सांगायचं तर छोटी जागाच चांगली. कोरडी बाथरूम, नाहीतर मोठा पिंजरा घेऊन तीन बाजूंनी जुनी चादर टाका. पलंगाखाली, फ्रिजमागे, ओट्याखाली जायच्या सगळ्या फटी पहिल्याच दिवशी बंद करा कारण एकदा ती वॉशिंग मशिनमागे गेली की तिला काढायला जो झाडू आणि आरडाओरडा होतो त्याने आधी केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. लपायला जागा मात्र द्यायचीच, साधा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, तोंड असं की तिला आतून दार दिसेल. यासाठी आमच्याकडून महागडं घर घ्यायची काहीच गरज नाही. तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट किंवा गाऊन खोक्यात टाका म्हणजे तुमचा वास तिच्या झोपेत मिसळतो.

खिडकीच्या ग्रिलला कबुतरांची नायलॉनची जाळी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घाबरलेली मांजर ती कुरतडते. तारेची जाळी लावा किंवा खिडकी बंद. लिटरवर जात नसेल तर त्यात थोडी कुंडीतली माती मिसळा, तिला मातीचीच सवय असते, मग हळूहळू माती कमी करत न्या. आणि मेन रोडवर राहत असाल, लालबाग-परळसारख्या भागात, तर विसर्जनाच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर नवीन रानटी मांजर आणूच नका, ढोल आणि फटाक्यांत मोठमोठी पाळीव मांजरं पण हादरतात.

खाणं हाच तुमचा हात

वाटी भरून दिवसभर ठेवू नका. पाणी कायम, पण खाणं ठरलेल्या वेळी आणि तुम्ही तिथे असतानाच. पहिले दिवस वाटी ठेवून दाराजवळ जमिनीवर बसा, तिच्याकडे पाठ किंवा बाजू करून, मोबाईल बघा, पेपर मोठ्याने वाचा, म्हणजे आवाजाची सवय होते. ती खायला लागली की रोज वाटी एखादी वीत तुमच्याकडे सरकवा, आणि ज्या दिवशी ती खायची थांबेल त्या दिवशी दोन विती मागे न्या, रागवू नका.

मग लांब दांड्याचा चमचा. त्याच्या टोकाला वेट फूड (मांजराचं तयार ओलं खाणं) किंवा उकडलेल्या चिकनचा लगदा लावून हळूच पुढे धरायचा. आधी मान लांब करून वास घेईल, मागचे पाय मात्र खोक्यातच रोवलेले, पळायच्या तयारीत. मग जीभ लागेल. एखादी चमच्यालाच पंजा मारेल, मारू दे, चमचा मागे ओढू नका, स्थिर ठेवा. चाटता चाटता तिचे ताणलेले खांदे थोडे सैल पडतात, तो क्षण बघायला शिका. काही दिवसांनी त्याच चमच्याच्या मागच्या बाजूने गालाला हलका स्पर्श, मग बोटाने गाल आणि हनुवटी, आणि दोन सेकंदात हात मागे. तिला कंटाळा यायच्या आधी आपण थांबायचं. डोक्यावरून वरून हात आणायचा नाही, पोटाला हात नाही, मानगुटीला धरून उचलायचं तर अजिबातच नाही.

दूध देऊ नका, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. मासे दिले तर बिनमिठाचे, काटे काढून उकडलेले आणि रोज नुसते तेच नकोत. कांदा-लसूण घातलेलं घरचं कालवण बिलकुल नको, ते मांजराला विषारी आहे. आपली तापाची पॅरासिटामॉल तर एक गोळी पण जीव घेते. आणि नवीन आलेली मांजर एक दिवसाच्या वर काहीच खात नसेल तर "लाजतेय" म्हणून थांबू नका, व्हेटशी (प्राण्यांच्या डॉक्टरशी) बोला, उपाशी राहून मांजराचं लिव्हर खराब होतं. पिल्लू असेल तर एक दिवस पण थांबायचं नाही.

ती काय सांगतेय ते बघा

कान आडवे, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर, शेपटीचं टोक फटफट, म्हणजे लांब राहा. फिसकारणं हे सांगणं आहे, त्यावर ओरडलात तर पुढच्या वेळी ती न सांगता बोचकारेल. रोखून बघू नका. तिची नजर तुमच्यावर आली की डोळे सावकाश अर्धे मिटा, उघडा, मान वळवा. 2020 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलंय, असं डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडे मांजरं जास्त वेळा गेली. ज्या दिवशी ती पण डोळे मिटून उत्तर देईल ना, त्या दिवशी खूप मोठी गोष्ट झाली असं समजा.

चावली, बोचकारलं तर

इथे हयगय नको. मांजराचा दात सुईसारखा, जखम वरून बारीक दिसते पण आत खोल जाते. लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. रेबीजची लस पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये मिळते. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही म्हणून "घरातलीच मांजर आहे" हे कारण चालणार नाही.

मांजरीचं पण बघायचं असतं: जंताचं औषध, लसी, पिसवा आणि नसबंदी. परळला आपलं प्राण्यांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, किंवा जवळचा व्हेट. कॅरिअर (मांजर व्हेटकडे न्यायची पेटी) आदल्या दिवशी काढू नका, पहिल्या दिवसापासून खोलीत उघडाच ठेवा आणि त्यातच कधीकधी खाणं द्या. फारच घाबरट असेल तर जायच्या आधी शांत राहायचं औषध व्हेटला विचारा, स्वतःच्या मनाने काही देऊ नका. घरात दुसरी मांजर असेल तर तपासणी आणि लस होईपर्यंत दोघींना वेगळं ठेवा, वाटी आणि लिटर पण वेगळं.

आणि नाहीच माणसाळली तर

मोठी मांजर महिनोन् महिने खोक्यातच बसून आहे, खातेय पण फक्त रात्री, कायम घाबरलेली, तर तिला कोंडून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत. नसबंदी करून, त्याची खूण म्हणून व्हेटकडून कानाचं टोक कापून घेऊन, लस देऊन तिच्या मूळ जागी, जिथे कोणीतरी रोज खायला घालतं तिथे सोडा. तुम्ही कमी पडलात असं नाही, तिची नसबंदी झाली, लस झाली, हे पण तुमच्यामुळेच झालं.

माणसाळली आणि कोणी अडॉप्ट करत असेल तर तिचा खोका, टीशर्ट आणि सध्याचंच लिटर सोबत द्या, नव्या घरात तिला परत एका छोट्या जागेपासून सुरुवात करावी लागते हे त्यांना नीट समजावून सांगा.

काही अडलं तर दुकानात या, फक्त मांजर घेऊन येऊ नका, तिला फुकट त्रास होतो. ती खाताना लांबून काढलेला छोटा व्हिडिओ आणा, कान, शेपटी, खोक्यापासून वाटी किती लांब आहे हे सगळं दिसलं पाहिजे. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा बसून बघू.