राजाची शिकार, किड्यांची चैन

लंडनच्या नैऋत्येला रिचमंड पार्क आहे. तिथल्या ओक वृक्षांखाली जरा लांब उभं राहून पाहिलं की एक गंमत लक्षात येते. सगळ्या झाडांच्या पानोऱ्याची खालची कड एकाच उंचीवर, दोरी धरून कापल्यासारखी सरळ असते. ही कात्री माळ्याची नव्हे, हरणांची. मान ताणून तोंड पोहोचेल तिथवरचा पाला त्यांनी फस्त केलेला असतो.

आज इथे सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात. त्यांना इथे आणलं पहिल्या चार्ल्सने. १६२५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला, तेव्हा राजा दरबार घेऊन रिचमंडच्या राजवाड्यात येऊन राहिला. शिकारीला जागा झकास होती. १६३७ साली त्याने सुमारे साडेनऊशे हेक्टर जमिनीला विटांची भिंत घातली. तिच्यात लोकांची शेतंही गेली आणि गावांची गायरानंही. आरडाओरडा झाला, तेव्हा पायवाट आणि सरपण गोळा करायचा हक्क त्याने लोकांना ठेवू दिला.

पुढे १७५१ साली पार्कचा कारभार राजकन्या अमेलियाकडे आला आणि तिने सामान्यांना दरवाजे बंद केले. जॉन लुईस नावाच्या एका बिअर गाळणाऱ्याने तिच्या माणसांना कोर्टात खेचलं आणि १७५८ साली खटला जिंकला. मला या पार्कच्या इतिहासातला सगळ्यात आवडता माणूस हाच. दरवाजा हवा की भिंतीवरून चढायची शिडी, असं विचारल्यावर त्याने शिडी मागितली. दरवाजा काय, कोणीही पुन्हा बंद करतं!

पण विज्ञानाच्या दृष्टीने खरी गोष्ट आहे ती झाडांची. हरणं ठेवायची आणि लाकूडही हवं, तर करायचं काय? फांद्या माणसाच्या डोक्याहून उंचावर छाटायच्या. नवे धुमारे तिथेच फुटतात आणि हरणांच्या तोंडी लागत नाहीत. कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या वाफ्यांवर जाळायला, पाल्याच्या फांद्या तोडलेली ऐनाची झाडं पाहिलीत ना? तसेच हे ओक बुटके, जाड बुंध्याचे आणि गाठाळ होतात. वर पसारा कमी असल्याने वादळात सहसा उन्मळून पडत नाहीत आणि शतकानुशतकं जगतात. पार्कात असे हजाराहून जास्त वयोवृद्ध वृक्ष आहेत. ‘रॉयल ओक’ म्हणतात त्याचं वय साडेसातशेच्या आसपास धरतात, म्हणजे भिंत बांधली तेव्हाच तो म्हातारा होता.

त्याचं खोड आतून पोकळ आहे. आपण पोकळ झाड पाहिलं की हळहळतो, पण त्यात त्याचं फारसं बिघडत नाही. खोडाच्या गाभ्यातलं लाकूड मेलेलंच असतं. पाणी वर चढतं ते बाहेरच्या कोवळ्या थरांतून. बुरशी खाते तो मुख्यतः गाभा. त्यामुळे झाड आतून रिकामं होत जातं आणि बाहेरून दरवर्षी पालवत राहतं.

या कुजक्या लाकडावर किड्यांची चैन चालते. त्यांतला मानकरी म्हणजे स्टॅग बीटल. नराचे जबडे थेट हरणाच्या शिंगांसारखे, आणि मादीसाठी दोन नर त्यांनीच एकमेकांना उचलून आपटतात. शिंगांच्या झुंजी पार्कात दोन आकारांत चालतात म्हणायच्या! त्याची अळी मात्र जमिनीखाली, कुजणारं लाकूड खात तीन ते सात वर्षं काढते. पंख फुटल्यावर आयुष्य उरतं ते जेमतेम काही आठवड्यांचं.

ओकच्या ढोल्यांमध्ये आणखी एक भाडेकरू आहे, आपल्या ओळखीचा. हिरवागार, लाल चोचीचा राघू. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची ही प्रजा. जनुकीय तपासणीत त्यांचं मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघालं. थंडीशी त्यांचं बरं जमलंय, आणि गलका तर थेट आपल्या पिंपळावरचा.

२००० साली पार्क राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झालं. आता मोडून पडलेली फांदी शक्यतो उचलून नेत नाहीत, तिथेच कुजू देतात. ओकची नवी रोपं लावली की भोवती लाकडी कठडा उभारावा लागतो. नाहीतर हरणं एका रात्रीत त्यांचा निकाल लावतील.