तो ग्रह कुणी ‘पाहिला’ नव्हता

१९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ या स्विस खगोलशास्त्रज्ञांना दुर्बिणीतून परक्या सूर्याचा ग्रह दिसला, असं अजूनही सांगितलं जातं. सोबत तांबूस गोळ्याचा ‘फोटो’ फिरतो. तो फोटो नाही, चित्रकारानं काढलेलं चित्र आहे.

फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून त्यांनी पाहिला तो फक्त तारा, ५१ पेगासी, सुमारे ५० प्रकाशवर्षं दूर. त्याच्या वर्णपटातल्या (प्रकाश रंगांत फाकवला की दिसणाऱ्या पट्ट्यातल्या) बारीक काळ्या रेषा कधी किंचित निळ्याकडे सरकत, कधी तांबड्याकडे, आणि दर ४.२ दिवसांनी पुन्हा तेच. प्रकाश देणारी वस्तू जवळ येताना या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. म्हणजे तारा सेकंदाला जेमतेम ५५-६० मीटर वेगानं पुढेमागे डुलत होता. त्याला कुणीतरी ओढत होतं! ओढणारा होता गुरूच्या किमान निम्म्या वस्तुमानाचा ग्रह. आपल्या गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळपास १२ वर्षं लागतात आणि याला चारच दिवस, म्हणजे एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळ. म्हणून सुरुवातीला अनेकांना ते पटेना. ग्रह न दिसता त्याचं वजन आणि वर्ष कळावं, हे मला फोटोपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

शिवाय तो सूर्यमालेबाहेरचा पहिला ग्रहही नव्हे. १९९२ मध्येच वोल्श्चान आणि फ्रेल या खगोलशास्त्रज्ञांनी एका पल्सारभोवती (मेलेल्या ताऱ्याच्या वेगानं फिरणाऱ्या गाभ्याभोवती) दोन ग्रह जाहीर केले होते. १९९५ चा मान सूर्यासारख्या ताऱ्यापुरता.